सही निजामाची, शब्द मुख्यमंत्र्यांचा

नार्नूरच्या चहाच्या टपरीवर दिल्लीची बातमी निघाली की एकाच पदाला तीन नावं पडतात. तेलुगू आणि हिंदी बोलणारे म्हणतात 'प्रधानमंत्री'. उर्दूत वाढलेला एखादा म्हातारा 'वजीर-ए-आझम' म्हणतो. मराठी बोलणारे म्हणतात 'पंतप्रधान', आणि तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या या टोकाला मराठी बोलणारे काही कमी नाहीत. २०२५ च्या एप्रिलमध्ये आकांक्षित ब्लॉक कार्यक्रमातल्या कामासाठी नार्नूर ब्लॉकला पंतप्रधान पुरस्कार मिळाला, तेव्हा ही बातमीही अशीच तीन नावांनी गावभर फिरली असणार.

या डोंगरात चौथा एक 'प्रधान'ही आहे. तो कुठल्याच मंत्रिमंडळात नाही. खांद्याला किंगरी अडकवून राजगोंडांच्या कुळांच्या कथा पिढ्यान् पिढ्या गाणाऱ्या समाजाचं नाव प्रधान. त्याच्या घरात मराठी बोलली जाते, गाणं मात्र गोंडांच्या देवांचं आणि पूर्वजांचं असतं. कथा दुसऱ्याच्या कुळाची, आवाज आपला. दुसऱ्याच्या नावानं बोलायचं, असं हे काम.

पंतप्रधानाचं पदही मुळात असंच आहे. ज्या देशात राजा आहे आणि संसदही आहे तिथं ते फार स्पष्ट दिसतं. सैन्य राजाचं, सरकार राजाचं, न्यायालयं राजाची, तिकिटावर चेहरा राजाचा, आणि कारभार मात्र निवडून आलेल्या एका माणसाच्या हातात. हा माणूस करतो काय? राजा त्याचं ऐकतो, की तो राजाचं ऐकतो? आपल्याकडचे राजे केव्हाच गेले, मग आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण नार्नूरच्या माणसांनी हा सगळा खेळ अवघ्या नऊ वर्षांत, एकाच राजाच्या बाबतीत घडताना पाहिला आहे.

तीन दरबार, तीन प्रधान

आधी शब्दाकडे बघू. 'पंतप्रधान' या शब्दात राजा दडलेला आहे. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांच्या पदांना संस्कृत नावं मिळाली. पेशवा झाला मुख्य प्रधान. मोरोपंत पिंगळे त्या जागेवर होते. पुढं पेशव्यांना कागदोपत्री 'पंतप्रधान' म्हणू लागले आणि स्वतंत्र भारताच्या सरकारप्रमुखासाठी मराठीनं घरातलाच हा शब्द काढून दिला. म्हणून मराठी माणूस 'पंतप्रधान' म्हणतो तेव्हा त्याच्या नकळत मागं एक छत्रपती उभे असतात.

आता एक योगायोग पाहा. १७२० मध्ये साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी एकोणीस वर्षांच्या बाजीरावाला पेशवेपदाची वस्त्रं दिली. १७२१ मध्ये लंडनला रॉबर्ट वॉलपोल खजिन्याचा मुख्य अधिकारी झाला. इंग्लंडचा पहिला पंतप्रधान म्हणून इतिहास त्याचंच नाव घेतो. आणि १७२२ मध्ये दिल्लीला मुहम्मद शाह बादशहाची वजिरी निजाम-उल-मुल्कानं हाती घेतली. तीन वर्षांत तीन दरबारांत, तीन राजांच्या नावानं कारभार करणारी तीन कर्तबगार माणसं पुढं आली. सुरुवात सारखी, वाटा मात्र तिघांच्या तीन दिशांना फुटल्या.

निजाम-उल-मुल्काला दिल्लीच्या दरबारात करमेना. तो दख्खनेत निघून आला. १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला त्यानं बादशाही सुभेदाराचा पराभव केला आणि हैदराबादचं राज्य उभं राहिलं. वजीरच राजा झाला. गंमत म्हणजे पुढं शंभर वर्षांहून अधिक काळ, १८५७ च्या उठावापर्यंत, हैदराबादच्या नाण्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचंच राहिलं. सत्ता घेतली, पण बादशहाचं नाव पुसायचं धाडस झालं नाही.

बाजीरावाचं घराणं राजा झालं नाही, पण पद घरातच राहिलं. १७४० मध्ये बाजीराव गेले आणि वस्त्रं त्यांच्या मुलाला, नानासाहेबाला मिळाली. शाहू महाराजांनंतर खरी सत्ता पुण्याला गेली. तरीही पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव यायचं आणि मग 'मुख्य प्रधान' म्हणून स्वतःचं. नवा पेशवा झाला की वस्त्रं साताऱ्याहूनच आणायची. १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. मूल चाळीस दिवसांचं झालं आणि पाळण्यातल्या त्या पेशव्याच्या नावानं साताऱ्याहून वस्त्रं आली. ज्याला अजून मान धरता येत नाही तो राज्याचा मुख्य प्रधान! कारभार अर्थातच 'बारभाई' म्हणवणाऱ्या कारभाऱ्यांनी पाहिला.

वॉलपोलची वाट यांहून वेगळी निघाली. इंग्लंडच्या गादीवर जर्मनीतल्या हॅनोव्हरहून आलेला पहिला जॉर्ज होता. मंत्र्यांच्या बैठकांना बसणं त्यानं सोडून दिलं होतं. त्यामुळं बैठकीत पुढारपण करणारा, राजाकडं जाऊन निर्णय सांगणारा आणि संसदेत उभं राहून पैसा मंजूर करून आणणारा एक माणूस लागला. वॉलपोल वीस वर्षं तो माणूस राहिला. १७४२ मध्ये मात्र लोकसभागृहातलं त्याचं बहुमत ढासळलं. राजा दुसरा जॉर्ज त्याच्या बाजूनं होता, त्याला वॉलपोल हवा होता. सभागृहाला नको होता. वॉलपोल पायउतार झाला.

राजाची मर्जी असूनही प्रधान घरी गेला! साताऱ्यात किंवा दिल्लीत ही गोष्ट कुणाला समजावूनही सांगता आली नसती. या पदाचं गुपित त्या एका राजीनाम्यात आहे. नेमणूक राजाच्या हातून होते, पण टिकणं सभागृहाच्या हातात असतं.

'सल्ला' नावाचा हुकूम

तेव्हापासून संसदीय राजेशाहीत पंतप्रधान दोन दारांमध्ये उभा असतो. एका दारात राजवाडा, दुसऱ्या दारात संसद. राजवाड्यात तो नम्रपणे 'सल्ला' देतो. हा शब्द मोठा फसवा आहे. एरवी सल्ला ऐकायचा की नाही हे ऐकणाऱ्यावर असतं. इथं मात्र पंतप्रधानाचा सल्ला राजावर बंधनकारक असतो. मंत्री कोण, खातं कुणाला, युद्ध की तह, संसद कधी बोलवायची, निवडणूक केव्हा घ्यायची, हे सगळं राजाच्या नावानं आणि पंतप्रधानाच्या सल्ल्यानं चालतं. ब्रिटनमध्ये अधिवेशन सुरू होताना राजा सिंहासनावर बसून 'माझं सरकार' काय करणार ते वाचून दाखवतो. त्या भाषणातला शब्दन् शब्द मंत्रिमंडळानं लिहिलेला असतो. एखादं धोरण राजाला मनातून अजिबात पटत नसलं, तरी ते त्याच गंभीर आवाजात वाचावं लागतं.

मग राजाला उरतं काय? इंग्लंडच्या राज्यघटनेवर १८६७ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या वॉल्टर बॅजटनं तीन हक्क सांगितले: आपल्याला विचारलं जावं हा एक, पाठबळ देता यावं हा दुसरा, आणि सावध करता यावं हा तिसरा. म्हणून तिथं पंतप्रधान दर आठवड्याला राजाला भेटतो. तिसरा माणूस खोलीत नसतो आणि झालेल्या बोलण्याचं टिपण ठेवलं जात नाही. दुसरी एलिझाबेथ सत्तर वर्षं गादीवर होती. चर्चिलपासून लिझ ट्रसपर्यंत पंधरा पंतप्रधान तिच्यासमोर येऊन बसले. कारभार पंतप्रधानांचा असला, तरी सत्तर वर्षांची आठवण तिच्याजवळ होती.

दुसऱ्या दारातला पंतप्रधान वेगळाच असतो. तिथं तो उभा असतो आणि प्रश्नांना उत्तरं देतो. तो एकटा बुडत नाही, एकटा तरतही नाही. त्यानं राजीनामा दिला की सगळं मंत्रिमंडळ जातं. एखाद्या मंत्र्याला निर्णय पटला नाही तर त्यानं बाहेर पडावं, पण आत राहून बाहेर वेगळं बोलू नये. चूक झाली तर 'राजानं सांगितलं म्हणून केलं' असं म्हणायची सोय नाही, कारण राजा सांगतच नाही. राजाच्या अंगाला काहीच चिकटत नाही आणि पंतप्रधानाला सगळं चिकटतं, अशी ही वाटणी आहे.

आणखी नवलाची गोष्ट म्हणजे एवढ्या मोठ्या पदाला कायद्यात जागा मिळायलाच दोन शतकं लागली. ब्रिटनच्या कायद्यात 'पंतप्रधान' हा शब्द पहिल्यांदा आला तो १९१७ मध्ये, आणि तोही पंतप्रधानाला वापरायला मिळालेल्या चेकर्स नावाच्या गावाकडच्या वाड्याच्या निमित्तानं.

मुंबईचे पंतप्रधान, औंधचे राजे

मराठी मुलखानं हा प्रयोग घरच्या अंगणातही पाहिला आहे. १९३५ च्या कायद्यानं प्रांतांना निवडून आलेली सरकारं मिळाली. गादीवर इंग्लंडचा राजा, त्याच्या वतीनं गव्हर्नर आणि कारभाराला मंत्रिमंडळ, अशी मांडणी होती. प्रांताच्या सरकारप्रमुखाला तेव्हा 'पंतप्रधान'च म्हणत. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण काँग्रेस सत्ता घेईना. तिचं म्हणणं असं, की मंत्र्यांच्या रोजच्या कारभारात गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून हात घालणार नाही हे आधी स्पष्ट व्हावं. भांडण वरवर तांत्रिक वाटतं, पण प्रश्न अगदी मुळाचा होता: 'सल्ला' म्हणजे सल्ला, की हुकूम?

मधल्या काळात एप्रिलमध्ये साताऱ्याचे धनजीशा कूपर यांनी अल्पमतातलं मंत्रिमंडळ बनवलं. राजाच्या माणसानं नेमलेलं होतं, पण सभागृह पाठीशी नव्हतं. ते जुलैपर्यंतच तगलं. मग बाळ गंगाधर खेर मुंबईचे पंतप्रधान झाले. १९३९ च्या सप्टेंबरात व्हाइसरॉयनं कुणाही निवडून आलेल्या माणसाला न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं आणि त्या वर्षाअखेर खेरांनी मंत्रिमंडळासह राजीनामा दिला. बॅजटनं सांगितलेला 'विचारलं जाण्याचा' हक्क राजासाठी होता. इथं तो निवडून आलेल्यांनाही मिळाला नव्हता.

त्याच १९३९ च्या जानेवारीत साताऱ्याजवळच्या औंध संस्थानात उलटी गंगा वाहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते. बहात्तर गावांचं त्यांचं संस्थान. गांधीजी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या मदतीनं त्यांनी प्रजेला राज्यघटना दिली. गावच्या पंचायतीपासून वर संस्थानच्या सभेपर्यंत निवडणूक आणि त्या सभेला जबाबदार मंत्री. राजपुत्र आप्पासाहेब पंतही या कामात होते. यातही एक गंमत आहे. 'प्रतिनिधी' हे पद जिंजीला राजाराम महाराजांनी निर्माण केलेलं, राजाच्या वतीनं बोलणाऱ्याचं. हे पद सांभाळणाऱ्या घराण्याचेच वंशज पुढं राजे झाले, आणि त्या राजांनीच एके दिवशी प्रजेपुढं उत्तरदायी व्हायचं ठरवलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. नऊ वर्षांचा प्रयोग, पण स्वतःच्या हातानं केलेला.

अर्जदाश्त आणि फर्मान

आता परत नार्नूरकडे. हा भाग हैदराबाद संस्थानाच्या उत्तर टोकाला. उतनूरच्या पलीकडचे डोंगर, सागाची जंगलं, गोंड आणि कोलाम पाडे, लंबाडी तांडे, मधून मधून मराठी आणि तेलुगू वस्ती. इथला राजा निजाम, म्हणजे दिल्ली सोडून निघालेल्या त्या वजिराचा वंशज.

हैदराबादलाही पंतप्रधान होते आणि काही फार कर्तबगार होते. पहिले सालारजंग १८५३ पासून तीस वर्षं दिवाण राहिले. त्यांनी मुलखाची जिल्ह्यांत बांधणी केली आणि महसूल वळणावर आणला. पण दिवाणाला उत्तर द्यायचं होतं ते एका निजामाला, आणि ब्रिटिश रेसिडेंटची मर्जी सांभाळायची होती. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी तर १९१४ ते १९१९ अशी पाच वर्षं दिवाणच नेमला नाही. राजा हाच स्वतःचा पंतप्रधान! १९१९ मध्ये कार्यकारी मंडळ आलं आणि त्याच्या अध्यक्षाला 'सद्र-ए-आझम' म्हणू लागले. सर अली इमाम पहिले. पुढं महाराजा किशनप्रसाद, अकबर हैदरी, छतारीचे नवाब, मिर्झा इस्माईल.

या दरबारात कागद कसा फिरायचा ते पाहण्यासारखं आहे. सरकारकडून निजामाकडं जायची ती 'अर्जदाश्त', म्हणजे विनवणी. प्रश्न असा आहे, मंडळाचं मत असं आहे, हुजूरची आज्ञा व्हावी. वरून खाली यायचं ते 'फर्मान'. अर्जदाश्तीतलं मत मान्य करायचं, बदलायचं की फेटाळायचं, ही हुजूरची मर्जी. कागद खालून वर जाई आणि हुकूम वरून खाली येई.

मध्ये लोक कुठंच नव्हते. नार्नूरच्या माणसाला सरकार भेटायचं ते जंगल खात्याच्या चौकीदाराच्या, तहसीलदाराच्या किंवा जिल्ह्याच्या अव्वल तालुकदाराच्या रूपात. राखीव जंगलाच्या नावाखाली गोंडांची शेतं आणि पाडे उठवले जाऊ लागले, तेव्हा जाब कुणाला विचारायचा? वर फक्त फर्मान होतं. कोमराम भीम यांनी जल, जंगल, जमिनीवरच्या हक्कासाठी जोडेघाटच्या डोंगरात लढा उभारला. १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले. प्रश्न विचारायला सभागृह नव्हतं. उत्तर बंदुकीनं आलं.

तोच माणूस, तीच सही

१५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला, पण प्रजासत्ताक झाला तो २६ जानेवारी १९५० ला. मधली अडीच वर्षं भारत ही एक संसदीय राजेशाही होती. गादीवर सहावा जॉर्ज, त्याच्या वतीनं आधी माउंटबॅटन आणि मग राजगोपालाचारी हे गव्हर्नर जनरल, आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू. पंडितजी कायद्यानं इंग्लंडच्या राजाचे पंतप्रधान होते, हे आज सांगितलं तर शाळेतली मुलं डोळे मोठे करतात. पण जॉर्जच्या सहीनं दिल्लीतली एकही गोष्ट ठरत नव्हती. सल्ला नेहरूंचा आणि उत्तर संविधान सभेपुढं.

नार्नूर मात्र त्या भारतातही नव्हतं. निजामानं भारतात यायचं नाकारलं होतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारताशी जैसे थे करार झाला आणि त्याच सुमारास मीर लायक अली हैदराबादचे पंतप्रधान झाले. सरकारच्या आडोशानं रझाकार या सशस्त्र निजामनिष्ठांचा धुमाकूळ वाढत गेला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला लायक अलींच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि त्याच दिवशी निजामानं स्वतः नभोवाणीवरून शरणागती जाहीर केली. प्रधान गेले आणि राजाला पहिल्यांदाच समोर येऊन बोलावं लागलं. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. १९४९ च्या नोव्हेंबरात निजामानं फर्मान काढून भारताचं संविधान स्वीकारलं. फर्मानानंच फर्मानाचा अंमल संपवला.

आणि मग ते घडलं. २६ जानेवारी १९५० पासून निजाम 'राजप्रमुख' झाले. संविधानात हैदराबाद 'ब' वर्गातलं राज्य होतं, तसंच म्हैसूर, राजस्थान आणि ग्वाल्हेरचे शिंदे ज्याचे राजप्रमुख होते तो मध्य भारतही. राजप्रमुखाचं काम इतर राज्यांतल्या राज्यपालासारखं, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं. आधी दिल्लीनं पाठवलेले सनदी अधिकारी वेल्लोडी मुख्यमंत्री होते. १९५१-५२ मध्ये प्रौढ मताधिकारानं निवडणूक झाली. १७५ जागांची विधानसभा. नार्नूरच्या डोंगरातल्या गोंड बाईलाही मत, आणि किंग कोठी राजवाड्यातल्या निजामालाही एकच मत. १९५२ च्या मार्चमध्ये बुर्गुला रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. महबूबनगर भागातले तेलुगू गृहस्थ, पण शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झालेलं.

आता पुन्हा कागदाकडे बघा. मंत्रिमंडळाचा प्रस्ताव खालून वर जातो, राजप्रमुखाकडं. राजप्रमुख सही करतात. माणूस तोच, मीर उस्मान अली खान. सहीही त्याचीच. कागदाची वाटही तीच. फक्त वजन उलटं झालं. काल वर जायची ती विनवणी होती, आज वर जातो तो निर्णय. काल खाली यायचा तो हुकूम होता, आज खाली येते ती फक्त सही. १९११ पासून ज्याच्या मर्जीवर लाखो माणसांचं बरंवाईट ठरत होतं, तो माणूस आता निवडून आलेल्या वकिलाच्या सल्ल्याला बांधलेला होता. क्रांती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं तोफा येतात. ही क्रांती शाईची होती.

१९५२ च्या सप्टेंबरात, नोकऱ्या स्थानिकांनाच मिळाव्यात म्हणणाऱ्या मुलकी आंदोलनात, हैदराबादला पोलिसांनी गोळीबार केला आणि विद्यार्थ्यांचे जीव गेले. जाब विचारला गेला तो बुर्गुलांच्या सरकारला. राजप्रमुखांच्या नावानं सरकार चालत होतं, पण ते उत्तर देणार नव्हते आणि कुणी मागितलंही नसतं. बारा वर्षांपूर्वी जोडेघाटच्या गोळीबाराचा जाब विचारायला जागाच नव्हती. फरक एवढाच, आणि एवढा मोठा.

खुर्ची बदलली की

ही व्यवस्था नेहमी गोडीगुलाबीनं चालते असं नाही. १९९० मध्ये बेल्जियमचा राजा बोदुआँ याला गर्भपाताच्या कायद्यावर सही करायची नव्हती, त्याच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. पंतप्रधान मार्टेन्स यांच्या सरकारनं तोडगा काढला. राजा राज्य करायला असमर्थ आहे असं जाहीर केलं, त्याच्या जागी मंत्रिमंडळानं कायदा लागू केला आणि दुसऱ्याच दिवशी संसदेनं राजाला पुन्हा कामावर घेतलं. स्वीडननं तर १९७५ पासून भानगडच ठेवली नाही. तिथं पंतप्रधानाचं नाव संसदेचा सभापती सुचवतो, संसद मत देते, आणि राजा फक्त समारंभांना येतो.

उलटंही होतं. ऑस्ट्रेलियात १९७५ च्या नोव्हेंबरात राणीच्या गव्हर्नर जनरलनं, खालच्या सभागृहात बहुमत असलेल्या पंतप्रधान गॉफ व्हिटलमला काढून टाकलं. तो देश अजून त्यावर भांडतो.

इतकं लांब जायचंही कारण नाही. आपले बुर्गुला रामकृष्ण राव १९५६ नंतर केरळचे राज्यपाल झाले. ज्यांचा सल्ला निजामानं ऐकायचा, ते आता सल्ला ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर बसले. तिथं ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांचं कम्युनिस्ट सरकार विधानसभेत बहुमतात होतं. ३१ जुलै १९५९ ला, राज्यपालांच्या अहवालानंतर, ते सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली. सही करणाऱ्यानं सही करण्यापलीकडं किती जावं, हा प्रश्न राजे गेले तरी गेला नाही. आपल्याकडं राजाच्या जागी राष्ट्रपती आणि राज्यपाल आले. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री मात्र बांधणीनं तेच राहिले: दोन दारांमध्ये उभे.

माझं मत विचाराल, तर या सगळ्यात राजा असणं किंवा नसणं हा दुय्यम मुद्दा आहे. वॉलपोलला राजा होता आणि तो उत्तरदायी होता. पेशव्यांनाही राजा होता, पण ते कुठल्या सभेला उत्तरदायी नव्हते. निजामाच्या सद्र-ए-आझमला राजा होता आणि त्याचं उत्तर एकाच माणसापुढं होतं. सरकारप्रमुखाचं मोठेपण मोजायचं तर त्याच्या ताफ्यातल्या गाड्या मोजून काय कळणार? तो कुणापुढं उभा राहतो आणि त्याला तिथून घरी कोण पाठवू शकतं, एवढं बघावं.

नागोबाचा दरबार

१ नोव्हेंबर १९५६ ला सातव्या घटनादुरुस्तीनं राजप्रमुख हे पद गेलं. हैदराबाद राज्य तीन भाषांत वाटलं गेलं. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखाकडं आले, नार्नूर आंध्रात राहिलं आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. सीमा घरांच्या मधून गेली. टपरीवरचे तीन शब्द मात्र आहेत तिथंच आहेत.

नार्नूरच्या शेजारी इंद्रवेल्ली मंडलात केसलापूर आहे. पौष अमावास्येला तिथं नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाचे गोंड गोदावरीचं पाणी पायी आणतात, प्रधानांची किंगरी वाजते, आणि पूजेनंतर भरतो तो 'दरबार'. कोमराम भीम यांच्या बलिदानानंतर निजाम सरकारनं गोंडांचा अभ्यास करायला ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना बोलावलं. त्यांच्या काळात, १९४० च्या दशकात, ही रीत पडली. जिल्ह्याचे अधिकारी जत्रेला येऊन बसायचे आणि लोकांनी जमिनीच्या, जंगलाच्या, पाण्याच्या तक्रारी त्यांच्यासमोर मांडायच्या. निजाम गेले, राजप्रमुख गेले, आंध्र गेलं, तेलंगण आलं. दरबार चालूच आहे.

दरबार म्हणजे राजापुढं प्रजेनं उभं राहायचं, असं आपण धरून चालतो. केसलापूरला लोक विचारतात आणि सरकार उत्तर देतं. पुढच्या पौष अमावास्येला जमलं तर जाऊन बघा. आदिलाबादहून बसनं तासाभराच्या वाटेवर, पंतप्रधान या पदाचा सगळा अर्थ मांडी घालून बसलेला दिसेल.